ताईच्या हाताखालचा हवालदार

ताई,

तुझ्या जनरलने आयुष्यात एक तरी लढाई लढली का, हे तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. दर दिवाळीला मी विचारायचो आणि दर दिवाळीला तू हातातली माती थापटत म्हणायचीस, "थांब रे, अजून कॅप्टनच आहे तो." त्याचा कॅप्टनचा मेजर होईपर्यंत चिवडा संपायचा, पाहुणे दाराबाहेर आपापल्या चपला शोधायला लागायचे, आणि गोष्ट पुढच्या वर्षावर जायची. आता पुढचं वर्ष आलं आहे. माती आणली आहे, मी आहे. गोष्ट सांगणारी तेवढी नाही.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांनी तुझा जनरल पाहिलेला नाही, म्हणून जरा सांगू दे. एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रज पोरगा. मिसरूड फुटायच्या आत जहाजात बसून मद्रासला आला आणि फौजेतला इंजिनिअर झाला. कालवे काढले, बंधारे घातले, रस्ते आखले, हगवणीने मरता मरता वाचला. मग त्याला सिंगापूरला धाडलं, कारण इथले व्यापारी घाबरले होते, आणि घाबरलेल्या व्यापाऱ्यांना किल्ला हवा होता. त्याने गावाच्या डोक्यावरची टेकडी छाटून सपाट केली, वर तोफा चढवल्या. पुढे मायदेशी गेला आणि म्हातारपणी जनरल झाला. झाली गोष्ट. मला पाच-सहा वाक्यांत संपवता येते, तुला पंचवीस दिवाळ्या पुरल्या नाहीत.

त्याचं नाव लिहीत नाही, कारण तू कधी घेतलं नाहीस. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी तू नुसतं "माझा जनरल" म्हणायचीस. भावोजी पाहुण्यांना सांगायचे, "दोन नवरे आहेत हिला. मी घरातला, तो कॉरिडॉरमधला."

कॉरिडॉरमधला, कारण टॅम्पिनीसच्या तुमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरच्या शेवटच्या कोपऱ्यात तू दर दिवाळीला किल्ला करायचीस. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात तो पोरं करतात, आणि तो महाराजांचा असतो. पन्नाशी उलटलेली, भुयारी रेल्वेचे बोगदे बांधणारी बाई गुडघ्यावर बसून गोऱ्या कॅप्टनचा किल्ला करते, हे फक्त आपल्याच घरात. बिशानच्या माझ्या घरून मी मेट्रोने मातीचं पोतं मांडीवर घेऊन यायचो. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून तू पाकीट कधी घेतलं नाहीस. "आगाऊ ओवाळणी आण," असा दसऱ्याच्या सुमारास तुझा फोन यायचा, म्हणजे रोपवाटिकेतून काळी माती आण. गाडीत शेजारी बसलेले लोक माझ्याकडे बघायचे. सूट, टाय, बॅंकेचं ओळखपत्र गळ्यात आणि मांडीवर खताचा वास मारणारं पोतं. एकदा एका आजोबांनी उठून मला जागा दिली. त्यांना वाटलं असावं, नोकरी गेलेली दिसतेय बिचाऱ्याची.

किल्ल्याचं बाकीचं सामान तू बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवायचीस. इथल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये असते तशी ती जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. घरातली एकमेव खरी तटबंदी, आणि तिच्यात लोणच्याच्या बरण्या, रिकाम्या सूटकेस आणि मोज्यांत गुंडाळलेले मातीचे मावळे. पुण्याहून येताना कस्टममध्ये त्या मोज्यांतून एकेक मावळा काढून दाखवायला लागला होता, आठवतं? अधिकाऱ्याने विचारलं, "सोल्जर्स?" आणि तू गंभीरपणे म्हणालीस, "येस, बट ओन्ली इन्फंट्री." मी दहा पावलं मागे उभा होतो, तुला ओळखत नसल्यासारखा.

आणि मग आपलं भांडण. तू पाणी प्यायला आत गेलीस की मी महाराजांची मूर्ती हळूच वरच्या बुरुजावर नेऊन बसवायचो. तू बाहेर यायचीस, महाराजांना उचलायचीस आणि पायथ्याशी, भाजीवालीच्या शेजारी ठेवायचीस.

"अगं, महाराज काय भाजी घ्यायला आलेत?"

"वेढा घालून बसलेत."

"किती वर्षं?"

"वर पाणी मिळेपर्यंत. पाणी नसलेला किल्ला त्यांनी फुकट दिला तरी घेतला नसता. आधी पाणी बघायचे, मग तट."

तुझ्या जनरलच्या किल्ल्याचं हेच दुखणं होतं. गोळा जरा आखूड पडला तर आपल्याच गावावर पडेल अशी तोफांची जागा, आणि वर फौज राहील एवढं पाणीच नाही. लोक तेव्हाही हसले आणि पुढेही हसत राहिले. तोफा उडाल्या त्या लोकांना वेळ कळावी म्हणून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी केवढा खूश झालो होतो! म्हटलं, आता हरली ही. "म्हणजे जगातलं सगळ्यात महागडं घड्याळ बांधलं तुझ्या जनरलने." तू हसलीस, पण माझ्याकडे न बघता. "कालव्यांत जन्म गेला त्याचा," म्हणालीस. "पाणी त्याला कळत नसेल? त्याच्याकडे कुणी पाणी मागितलंच नाही. तोफा मागितल्या."

"मग नाही म्हणायचं."

"कुणाला?"

"वरच्यांना. सांगायचं, इथे किल्ला होत नाही."

"तू म्हणालास कधी बॅंकेत?"

मी शंकरपाळ्यांकडे वळलो. बॅंकेत मी एकदाच नाही म्हणालो आहे, चहात साखर हवी का विचारलं तेव्हा. पण मग मीही उलटा प्रश्न टाकला, "तू म्हणालीस?" आणि तू गेरूच्या वाटीत बोट बुडवून दरवाज्याची कमान रंगवायला लागलीस. कमान झाली, तिच्यावर पांढरी रेघ झाली, उत्तर नाही. त्यानंतर निदान पाच-सहा दिवाळ्यांना मी तो प्रश्न काढला असेल. तू दर वेळी काहीतरी रंगवायला घ्यायचीस. इतका रंगीत किल्ला त्या कॅप्टनने स्वप्नातही पाहिला नसेल.

आता मला वाटतं, मी चुकीच्या वेळी विचारत होतो. चारचौघांत, तोंडात चकली घालून, जिंकायला म्हणून विचारत होतो. एखाद्या साध्या मंगळवारी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का?

तुझ्या आणि त्याच्या नात्याची सुरुवात इथल्या टेकडीवर झाली असं सगळे समजतात. मी समजत नाही. ती खडकीला झाली. बाबांच्या क्वार्टरमागून नदीकडे जाणारी ती वाट. पलीकडे फौजेतले इंजिनिअर जवान तराफ्यांचा पूल टाकायचे. सकाळी नदी मोकळी, दुपारी तिच्यावरून ट्रक जातोय, आणि संध्याकाळी सगळं उचलून पुन्हा नदी मोकळी. मला त्यात काही गंमत वाटायची नाही. एवढा बांधलाय तर राहू द्या की! तू मात्र शाळा बुडवून काठावर बसायचीस आणि घरी येऊन आईच्या लाटण्या-पोळपाटाने तोच पूल मोरीत टाकायचीस. बाबांच्या ओळखीचे एक सुभेदार होते, त्यांना तू विचारलंस, "मला घ्याल का?" ते हसून म्हणाले, "पोरी, डॉक्टर हो, मग घेतील. पूल बांधायला मुली घेत नाहीत." त्या दिवाळीला अंगणातला किल्ला तू असा बांधलास की वाटेने जाणारे जवान सायकली थांबवून बघायचे.

फौजेने तुला घेतलं नाही म्हणून तू स्वतःची फौज काढलीस. तू कॅप्टन. फौज म्हणजे मी. आधी मला हमाल नेमलंस, चिखल वाहायला. पुढे आंघोळीच्या बादलीतून न सांडता पाणी आणलं म्हणून हवालदार केलंस, छातीवर खडूने फीत काढून. तिथे माझी कारकीर्द संपली. मी सी.ए. झालो, लग्न केलं, इथे आलो, नागरिकत्व घेतलं, बॅंकेत कसला तरी व्हाइस प्रेसिडेंट झालो. तिथे व्हाइस प्रेसिडेंट इतके आहेत की लिफ्टमध्ये एका वेळी आठ भेटतात. पण तुझ्या फौजेत हवालदार तो हवालदारच. दर दिवाळीला मी अर्ज करायचो, "साहेब, बढतीचं काय?" आणि तू माझ्या बांधकामाकडे बोट दाखवायचीस. मी बांधलेला बुरुज नेहमी ऑफिस सुटल्यासारखा एका बाजूला निघालेला असायचा.

तू स्वतः मात्र वर गेलीस. बोगद्यांतून उचलून तुला ऑफिसात बसवलं, बुओना व्हिस्टाला, काचेच्या इमारतीत. सगळ्यांना केवढा आनंद! आम्ही पेढे वाटले. तू हेल्मेट बॉम्ब शेल्टरमध्ये मावळ्यांच्या वर ठेवलंस आणि त्या वर्षी पहिल्यांदा, मी न विचारता, गोष्टीत बरीच पुढे गेलीस.

"जनरल कसा झाला माहितीय?"

"लढाई मारून," मी आशेने म्हणालो.

"जिवंत राहून. रांग असायची त्यांची. वरचा मेला की खालचा एक पायरी वर. इंजिनिअरांची बढती बरीचशी तशीच व्हायची."

"एवढंच?"

"एवढंच काय? मद्रासच्या उन्हात म्हातारा होऊन दाखव."

सगळे हसले. तुझी सई तेव्हा शाळेत होती, ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "वा, सो ईझी! जस्ट डोन्ट डाय, लाह." त्यावर सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस. मग माती थापटता थापटता, कुणाला उद्देशून नाही असं म्हणालीस, "घरी बसल्या बसल्या कळलं असेल त्याला, आपण जनरल झालो. बायको म्हणाली असेल, गोड करू. आणि याला एकेक आठवले असतील. कुणी मेजर, कुणी कर्नल. ज्यांच्या हाताखाली चिखल तुडवला, ज्यांना जाऊन विचारलं, साहेब, इथली जमीन खचतेय, काय करू? ते सगळे गेले तेव्हा कुठे हा वर पोचला. आता काही अडलं तर विचारणार कुणाला?"

मला तेव्हा वाटलं, ताईला ऑफिसात करमत नाही. तेवढंच कळलं. हवालदाराला बेताचंच कळतं.

आणि मग हॉस्पिटल. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला कंटाळा होता त्या सगळ्याचा, मलाही आहे. एकच दुपार लिहितो. तू सलाईनच्या नळीकडे बराच वेळ बघत होतीस. मला वाटलं दुखतंय. तू म्हणालीस, "बरी आहे ही नळी. कारंज्याला होईल." खडकीला कंपाउंडर काकांकडे मला पाठवायचीस तू, किल्ल्यावरच्या कारंज्यासाठी सलाईनची जुनी नळी मागायला. मी तसाच उठून सिस्टरला विचारायला गेलो. ती फिलिपिन्सची मुलगी, तिला मी कारंजं, किल्ला, दिवाळी असं सगळं समजावलं. तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तू पडल्या पडल्या हसत होतीस. हसताना खोकला आला तरी हसत होतीस.

मग म्हणालीस, "या वर्षीचा किल्ला तू कर."

"मी? माझ्याने तुळशीची कुंडी सरळ राहत नाही."

"म्हणून तर हवालदार आहेस. कर पण."

"कुठला करू? तुझ्या जनरलचा, का मी म्हणतो तो महाराजांचा राजगड?"

तू तोंड उघडलंस. तेवढ्यात सिस्टर रक्तदाब बघायला आली, मग औषध दिलं, मग तुझा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी खोली भरून माणसं होती आणि आपण हवापाण्याचं बोललो. तो हुकूम तसाच अर्धा राहिला. किल्ला कर, हे कळलं. कुठला, ते कळलं नाही.

तू गेल्यावर गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला अगदी थोडं, तुम्ही मोकळेच आहात. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "मी मोकळा आहे म्हणे." ती उठून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इतकं बंदिस्त मला कधी वाटलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली. भावोजींच्या घरी यंदा सण नाही. कंदील नाही, फराळ नाही, ओळखीचे लोक डबे आणून देतात ते खायचं. मी मातीचं पोतं घेऊन दारात उभा राहिलो तर भावोजींनी पोत्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"यंदा नको हो. तुमच्याकडे बिशानला करा हवं तर. तुम्हाला चालतं."

"बिशानला कसा होईल? तिने इथे कर म्हणून सांगितलंय." इथे, असं तू म्हणाली नव्हतीस. तेवढं मी पदरचं घातलं.

"वर्षाच्या आत सण करत नाहीत."

तेवढ्यात शेजारच्या लिम आंटी आल्या, हातात कुएचा, म्हणजे इथल्या गोड वड्यांचा, डबा घेऊन. तुझ्या किल्ल्याला जुने टॉवेल पुरवणाऱ्या. मातीखाली घालायला गोणपाट इथे मिळत नाही म्हणून तू त्यांचे टॉवेल घ्यायचीस आणि बदल्यात त्यांना चकल्या द्यायचीस. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून विचारलं, "धिस इयर नो कासल, आह?" भावोजींनी समजावलं, घरात माणूस गेलं की पहिलं वर्ष आम्ही सण करत नाही. त्या म्हणाल्या, "सेम सेम. वी ऑल्सो, न्यू इयर डोन्ट सेलिब्रेट." मग वळता वळता हळूच म्हणाल्या, "बट टॉवेल आय ऑलरेडी वॉश."

सई आतून आली. तुझी सई आता नोकरी करते हे मला अजून खरं वाटत नाही. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच होतं. म्हणाली, "बाबा, किल्ला इज नॉट सेलिब्रेशन. इट्स कन्स्ट्रक्शन."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "कन्स्ट्रक्शन असेल तर परवानगी लागेल," ते म्हणाले.

"मामाकडे आहे. आईने दिलीय."

ते आत गेले. मला वाटलं, रागावले. तर बॉम्ब शेल्टरचं लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला आणि ते मोज्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आले. "पणत्या लावायच्या नाहीत," एवढंच म्हणाले.

ताई, खरं सांगतो, मी राजगडच करणार होतो. एवढी वर्षं तुझ्याशी भांडलो, आता अडवायला कोणी नव्हतं. येताना मेट्रोत फोनवर राजगडाचे फोटो बघितले, माच्या कुठे, बालेकिल्ला कुठे, सगळं मनात धरलं. सईला म्हटलं, "खोकी लाव, मी सांगतो." खोकी लागली, टॉवेल चढले, चिखल कालवला. आणि थापटता थापटता बघतो तर टेकडीचं डोकं सपाट झालेलं. मी पुन्हा चिखल चढवला, पुन्हा सपाट. सई म्हणाली, "मामा, धिस इज आईज हिल." हात माझे होते, पण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पंचवीस वर्षं ज्याच्यावर टीका केली तोच किल्ला तेवढा मला पाठ होता.

मग म्हटलं, ठीक आहे. तुझ्या जनरलचा तर तुझ्या जनरलचा. पण एक गोष्ट माझ्या मनासारखी करतो. तट घालायच्या आधी मी वर मधोमध खड्डा केला आणि लिम आंटींच्या कुएचा रिकामा डबा त्यात बसवला. पाण्याचं टाकं. आधी पाणी, मग तट. तुझेच शब्द. शोभेच्या माशांच्या दुकानातून नळी आणली होती, तीही जोडली, खाली कारंज्यासाठी. एवढ्या वर्षांत त्या बिचाऱ्या किल्ल्यावर पहिल्यांदा पाणी आलं. मला एकदम काय वाटलं सांगू? वाटलं, आता महाराजांना वर न्यायला हरकत नाही. वेढा उठला. मी भाजीवालीशेजारून महाराजांना उचललं आणि तुझा आवाज येतो का म्हणून क्षणभर थांबलो.

आवाज आला तो लिम आंटींचा. "आइया! माय स्लिपर!"

टाकं गळत होतं. नळीच्या सांध्यातून, टॉवेलातून, मातीतून वाट काढत पाणी कॉरिडॉरभर पसरलं होतं आणि आंटींच्या दारातल्या सपाता तपकिरी पाण्यात बसल्या होत्या. सई हसत खाली बसली. हसता हसता रडायला लागली, आणि आंटी तिच्या केसांवरून हात फिरवत "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड" म्हणत राहिल्या. भावोजी पोछा घेऊन आले. पुसता पुसता थांबले आणि किल्ल्याकडे वाकून म्हणाले, "उतार उलटा धरलाय तुम्ही. ती शिंपडलेलं पाणी डावीकडे काढायची." मला माहीत नव्हतं की त्यांचं लक्ष असायचं. तुला होतं का माहीत? कॉरिडॉरमधल्या त्या जनरलकडे ते इतकी वर्षं बघत होते.

आम्ही उतार फिरवला. महाराज परत खाली, वेढ्यात. अळीव पेरले आहेत, इथल्या दमट हवेत भराभर उगवतील. कंदील नाही, पणत्या नाहीत, रंगही नाही, कारण कुठलाही प्रश्न टाळायला कुणी बसलेलं नाही. नुसती ओली माती. शेजारच्या ब्लॉकमध्ये दिवाळीचे दिवे लागलेत, त्यांचा उजेड थोडा येतो तेवढाच.

निघताना सई दारात उभी राहून म्हणाली, "सो नाउ यू आर द जनरल, व्हॉट."

"मी कसला?"

"आईनेच सांगितलेलं ना. वरचा गेला की खालचा वर. आजी-आजोबा नाहीत. आई नाही. तुमच्या साइडला आता तूच सीनियर."

बरोबर होतं तिचं. खडकीच्या त्या क्वार्टरमधल्या माणसांत आता मीच सगळ्यांत थोरला. एकही बुरुज सरळ न बांधता, एकही लढाई न लढता. नुसता जिवंत राहून. इतकी वर्षं दर दिवाळीला मागितलेली बढती ही अशी आली.

मी सईला सांगितलं, मी काही ती घेत नाही. ती म्हणाली, तसं नाकारता येत नाही, सिस्टिमच तशी आहे. म्हटलं, असेल. आयुष्यात एकदा वरच्यांना नाही म्हणून बघतो. मी हवालदारच बरा, कारण हवालदाराच्या वर कुणीतरी असतं आणि अडलं की त्याला जाऊन विचारता येतं. वरची जागा मी मोकळी ठेवली आहे. बुरुजावर कुणालाही बसवलेलं नाही.

आज सकाळी भावोजींचा फोन आला होता. उतार फिरवला तरी टाकं गळतंच आहे. थोडंसं, डावीकडून. मी संध्याकाळी टॅम्पिनीसला जातोय.

साहेब, इथली जमीन खचतेय. काय करू?